पाचही फॉर्म निरंक

शास्त्री नगर, जयपूर
९ जुलै २००६

चि. डॉक्टर मैत्रेयी देवस्थळी हिस अनेक आशीर्वाद.

आधी 'चि.' लिहावं की 'डॉ.', यावर तुझ्या रत्नप्रभाकाकूशी अर्धा तास वाद झाला. तू तीन वर्षांची असताना माझ्या खांद्यावर बसून आपल्या मराठी मंडळाचा गणपती बघितला आहेस, त्यामुळे 'चि.' सुटत नाही. आणि गेल्या जानेवारीत तू माझी कर्करोगाची गाठ प्रोस्टेटसकट काढून टाकलीस, त्यामुळे 'डॉ.'ही सुटत नाही. शेवटी दोन्ही घातलं.

तुझा 'शस्त्रक्रियेनंतरचे जीवन' हा बावीस प्रश्नांचा फॉर्म मिळाला. फॉर्म टपालानेच पाठवायचा, त्याबद्दल तुला फोन करायचा नाही, मंडळात भेटलो तरी विषय काढायचा नाही, हा तुझ्या अभ्यासाचा नियम समजला. सर्जन समोर दिसली की पेशंट भिडेपोटी 'छान आहे' म्हणतो, हे तुझं निरीक्षण योग्य आहे. मी विमा कंपनीत तीस वर्षं दाव्यांचे कागद तपासले. माणूस फॉर्मवर किती खोटं लिहितो, हे मला तू सांगायला नको. एकाने जिवंत म्हशीचा मृत्यूचा दाखला जोडला होता आणि तिच्याच दुधाचा चहा मला पाजला होता.

फॉर्म भरून सोबत जोडला आहे. खोकताना, चालताना, हसताना लघवीने कपडे ओले होतात का, पॅड लागतात का, या सर्व प्रश्नांपुढे 'निरंक' असं लिहिलं आहे. 'नाही' लिहिण्यापेक्षा ते जास्त कार्यालयीन दिसतं.

मंडळातल्या तुझ्या बाकीच्या चार पेशंटनाही मी मार्गदर्शन केलं. मी बरा झाल्यावर मंडळात रक्ततपासणीचं शिबिर मीच भरवलं आणि त्यातच ते चौघे सापडले, तेव्हा ती माझीच जबाबदारी. रविवारी आमच्या गॅलरीत फॉर्म भरण्याचा वर्ग घेतला. चिवडा होता. संभाजीराव सातव्या प्रश्नाला अडखळले, पण मी समजावून सांगितल्यावर त्यांचंही निरंक झालं.

तुझा,
श्रीपादकाका (वाटवे)


गोपालपुरा बायपास, जयपूर
१७ जुलै २००६

ति. श्रीपादकाका यांना नमस्कार.

तुमचं पत्र मला मिळायलाच नको होतं. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर असतो, आणि पाकीट आमच्या ऑफिसातल्या सुमनजी उघडतात. कोणाचा फॉर्म कोणता हे मला कळू नये, मतलब सगळी मेहनत त्याचसाठी आहे. तुम्ही फॉर्मला टाचणी लावून दोन पानी पत्र जोडलंत आणि खाली सही केलीत. सुमनजी म्हणाल्या, "मॅडम, ये अंकलजी गुप्त रहना ही नहीं चाहते."

आता आलंच आहे तर वडीलधाऱ्यांच्या पत्राला उत्तर न देणं आईला चालणार नाही, म्हणून लिहिते.

काका, प्लीज, फॉर्म एकेकट्याने भरायचा आहे. वर्ग नको. चिवडाही नको.

मी हा अभ्यास का करते आहे ते सांगते. गाठ निघाली, रक्ताचा रिपोर्ट चांगला आला की आम्ही सर्जन टाळ्या घेऊन मोकळे. पण माणूस घरी गेल्यावर कसा जगतो, ते कोणी मोजत नाही. मला ते मोजायचं आहे. चौसष्ट पेशंट आहेत. आणि खरं सांगू? मंडळातले तुम्ही पाचजण सोडले तर बाकी एकोणसाठजणांची उत्तरं इतकी चांगली नाहीत. तुमची पाचही निरंक. बघून मला फार बरं वाटलं. मग जरा आश्चर्यही वाटलं.

काकूंना नमस्कार.

मैत्रेयी


शास्त्री नगर
८ ऑक्टोबर २००६

चि. डॉ. मैत्रेयी,

तिमाही फॉर्म जोडला आहे. निरंक. आश्चर्य वाटण्याचं कारण नाही, तुझा हातच तसा आहे. मी शेजारच्या माथुरसाहेबांनाही सांगतो की आमच्या मुलीने टाके घातले म्हणजे घातले.

वर्ग घेतला नाही. चौघांनी फक्त माझा फॉर्म मागवून पाहून घेतला.

बाकी इकडे विशेष नाही. संक्रांतीच्या मंडळाच्या नाटकात या वर्षी मी काम करणार नाही. सासऱ्याची भूमिका गेली अकरा वर्षं माझी आणि व्याह्याची प्रल्हाद घारपुरेची, हे तुला माहीतच आहे. पण घसा बसल्यासारखा वाटतो. प्रल्हादनेही नाही सांगितलं म्हणे, त्याचं कारण त्याने कळवलेलं नाही. बँकेतून निवृत्त झालेली माणसं अशीच घुमी होतात. पूर्वी दर गुरुवारी आम्ही आमेरच्या बसने जायचो, किल्ल्याखाली कचोरी खायची, त्याने विनोद सांगायचे आणि मी हसायचं, असा कार्यक्रम होता. आता मी जात नाही. तोही बोलवत नाही. काल मंडळात मला पाहून तो दुसऱ्या दाराने बाहेर पडला. मीही त्याच वेळी पहिल्या दाराने बाहेर पडत होतो, पण ते वेगळं.

तुझा,
श्रीपादकाका


गोपालपुरा बायपास
१२ नोव्हेंबर २००६

ति. काका,

आज नियम मोडून स्वतःहून लिहिते आहे, कारण बातमीच तशी आहे. जानेवारीत नागपूरला युरॉलॉजीची मोठी परिषद आहे आणि माझा निबंध निवडला गेला आहे. निबंध तुमच्यावर आहे. मतलब नाव नाही, पण तुम्ही पाचजण.

तुम्हा पाचांची उत्तरं दुसऱ्या तिमाहीतही निरंक आली तेव्हा मी झोपायची विसरले. ऑपरेशन तेच, हात तोच, वय तेच. मग फरक कशाचा? मी दोन आठवडे विचार केला आणि मंडळाच्या दिवाळीच्या पंगतीत वाढताना उत्तर सापडलं. मांडी! तुम्ही पाचहीजण जन्मभर पाटावर मांडी घालून जेवलात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्याने मजबूत राहतात, असं माझं अनुमान आहे.

बापू बाजारातल्या सुताराकडून सहा पाट करून घेतले आणि ओपीडीत बाकीच्या पेशंटना रोज वीस मिनिटं बसवायला सुरुवात केली. आमेरचे एक निवृत्त गाइड आहेत, चौऱ्याहत्तर वर्षांचे. पाटाकडे बराच वेळ बघून म्हणाले, "डॉक्टर साहिबा, बैठ तो जाऊँगा, उठाएगा कौन?" त्यांना उठवायला तिघे लागले. सुमनजी आता ओपीडीत यायला घाबरतात.

तुम्ही दिवसातून किती मिनिटं मांडी घालता, ते लिहून पाठवाल का?

तुमची,
मैत्रेयी


शास्त्री नगर
२० नोव्हेंबर २००६

चि. डॉ. मैत्रेयी,

अभिनंदन. काकूने साखर वाटली.

मांडी दिवसाला साधारण चाळीस मिनिटं, सणावारी जास्त. तुझं अनुमान ऐकून संभाजीराव फार खूश झाले, म्हणाले की आपलं जेवण वाया गेलं नाही.

एक शंका. नागपूरला ऐकायला किती लोक असतात? आणि हा निबंध पुढे छापला जातो का? म्हणजे, समजा, केवळ समजा, एखाद्या पेशंटची एखादी गोष्ट फॉर्मच्या प्रश्नात बसली नसेल, तर त्याने काही मोठा फरक पडतो का? सहज विचारतो.

तुझा,
श्रीपादकाका


शास्त्री नगर
१० डिसेंबर २००६

प्रिय मैत्रेयी,

मी रत्नप्रभाकाकू. हे पत्र काकांना न दाखवता लिहिते आहे, पण मीच लिहिलं म्हणून त्यांना खुशाल सांग. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांना घाबरायचं राहून गेलं, आता कुठे सुरुवात करू.

सोबतच्या कापडाच्या घडीला घाबरू नकोस, धुतलेली आहे. ते माझं इरकल आहे, सांगलीहून आईने दिलेलं. अशा दोन लुगड्यांच्या काकांनी घड्या केल्या. दार लावून माझ्याच मशीनवर शिवतात. माथुरबाईंनी आवाज ऐकून विचारलं तर म्हणाले, गणपतीची तोरणं शिवतोय. गणपती होऊन तीन महिने झाले. दिवसाला चार-पाच घड्या लागतात आणि त्या गच्चीत चादरीखाली वाळत असतात. माथुरबाई म्हणतात, आंटी, तोरण बड़े सादे हैं.

तुझ्या फॉर्ममध्ये विचारलंय, पॅड वापरता का. नाही वापरत, ते पॅड नव्हेतच. चालताना कपडे ओले होतात का? नाही, कारण त्यांनी चालणंच सोडलंय. खोकताना? नाही, खोकला येऊच नये म्हणून दिवसभर ज्येष्ठमध चघळतात. हसताना होतात का? अगं, हा माणूस दहा महिन्यांत हसलेला नाही. कोणी विनोद सांगणार असं दिसलं की उठून जातात. रेडिओवर विनोदी कार्यक्रम लागला की बंद. कुठे सांत्वनाला जायचं असलं मात्र हौसेने रिक्षाने निघतात, कारण तिथे कोणी हसवत नाही. गेल्या महिन्यात तर ओळख नसलेल्यांकडेसुद्धा जाऊन आले. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा ती एकच तपकिरी पँट.

मी म्हटलं, पोरीला सांगा, काही उपाय असेल. तर म्हणाले, "तिने माझा जीव वाचवला. आता तिच्या कागदावर मी डाग पाडू?"

मांडीचं तू लिहिलंस तेव्हापासून ते जेवत नाहीत नीट. तुला नागपूरला लोक हसतील आणि ते आपल्यामुळे, एवढंच घोळतंय डोक्यात. आणि प्रल्हादभावजी घरी येईनासे झाल्याचं दुःख वेगळंच. ते मला बघवत नाही, म्हणून लिहिलं.

तुझी,
काकू


गोपालपुरा बायपास
१८ डिसेंबर २००६

ति. काका,

काकूंचं पत्र मिळालं. पुरावाही मिळाला. तो माझ्या टेबलावर आहे.

मी दोन दिवस तुमच्यावर फार चिडले होते. परिषदेला महिना राहिलाय आणि माझ्या निबंधाखालून पाटच काढून घेतलात. कालपर्यंत एक आजोबा ओपीडीत मांडी घालून बसले होते, माझ्यामुळे.

मग मी तुमचे दोन्ही तिमाह्यांचे कागद काढले आणि एकेक उत्तर वाचलं. काका, त्यात एकही उत्तर खोटं नाही. हे तुम्ही कसं केलंत?

मैत्रेयी


शास्त्री नगर
२२ डिसेंबर २००६

चि. मैत्रेयी,

कसं केलं ते सांगतो. ते माझं तीस वर्षांचं काम होतं, फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूने.

दावा करणारी माणसं सरळ खोटं क्वचितच लिहितात. प्रश्न जेवढा असेल तेवढंच उत्तर देतात. 'आपण गेल्या पाच वर्षांत रुग्णालयात दाखल होता का?' नाही, कारण मेहुण्याच्या घरी सलाइन लावलं होतं. अशांना मी नेमका पकडायचो. माझा नियम असा होता की कागद इतका स्वच्छ दिसला की घरी जाऊन बघायचं. आणि माझाच कागद तसा होता. माझ्या हाताखालच्या कारकुनानेही तो एका दिवसात पकडला असता. तू पकडला नाहीस, कारण तुला मी खरा माणूस वाटतो, आणि मी त्याचाच फायदा घेतला.

मला लाज वाटते, हे स्पष्ट लिहितो. कपडे ओले होतात त्याची वाटायची, आता त्याची नाही. तुझी बुद्धी मी पाटावर बसवली, त्याची वाटते.

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा तू मला विचारलंस, "काका, ठीक?" मी म्हटलं, ठीक. त्या दिवसापासून ते 'ठीक' बदलावं कसं, ते मला कळलं नाही. तू इतकी खूश झाली होतीस.

आणखी एक. माझं पाहून त्या चौघांनी लिहिलंय. त्यांचं खरं काय आहे, मला माहीत नाही. त्यांच्यातल्या प्रल्हादचं तर अजिबात माहीत नाही. तो माझ्याशी बोलत नाही आणि मी त्याच्यासमोर जाऊ शकत नाही, कारण तो एक वाक्य बोलला तरी मला हसू येतं. त्याची फार आठवण येते.

श्रीपादकाका


गोपालपुरा बायपास
२८ डिसेंबर २००६

ति. काका,

चिडले होते ते आता संपलं. चूक तुमची आहे तशी माझीही आहे. 'ठीक?' हा काही प्रश्न नव्हे. मी उत्तर आधीच तुमच्या तोंडात घालून ठेवलं होतं.

आता दोन कामं.

पहिलं, तुमच्या त्रासावर उपाय आहे, आणि तो तुम्हाला जुलैतच मिळाला असता. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून दहापर्यंत मोजायचं आणि सोडायचं, दिवसातून तीनदा, आमच्या फिजिओथेरपिस्ट शिकवतील. महिने लागतात, पण बहुतेकांना फरक पडतो. पूर्ण थांबेलच असं वचन देत नाही. देणार नाही, कारण मग तुम्ही थांबलं म्हणून लिहाल.

दुसरं, मी नवा फॉर्म केला आहे. जुने बावीस प्रश्न आहेत तसे आहेत, पण त्यांच्या आधी एक टाकलाय. 'ऑपरेशनच्या आधी करत होतात आणि आता करत नाही, अशा गोष्टी लिहा. कारण लिहायची गरज नाही.' हा प्रश्न तुमच्याकडून मिळाला आहे. नागपूरचा निबंध मी मागे घेतलेला नाही, बदलला आहे. नाव आहे 'स्वच्छ फॉर्मची तपासणी'.

चौघांना मात्र तुम्हीच सांगायचं. वर्ग तुम्ही घेतला होता. या वेळी चिवड्याला परवानगी आहे.

मैत्रेयी


शास्त्री नगर
९ जानेवारी २००७

चि. डॉ. मैत्रेयी,

वर्ग काल झाला. प्रल्हादला काकूने फोन केला, माझा धीर झाला नाही. तो आला आणि दाराजवळच्या लाकडी स्टुलावर बसला. संभाजीराव पायरीवर बसले. बाकीचे दोघे उभेच राहिले. गादीच्या खुर्च्या चार होत्या आणि त्यावर कोणीच बसेना. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी उभा राहून तुझा नवा प्रश्न वाचला आणि माझं उत्तर वाचून दाखवलं. ते असं होतं: हसणे. आमेरची बस. कचोरी. पांढरी पँट. नाटक. दुसऱ्याकडे गेल्यावर गादीच्या खुर्चीवर बसणे. मोकळेपणी शिंकणे. प्रल्हाद.

चिवड्याला कोणी हात लावला नाही. मग प्रल्हाद म्हणाला, "श्रीपाद, मला वाटलं तू माझ्यावर रागावलास. मी विनोद सांगणं बंद केलं म्हणून."

मी विचारलं, का बंद केलंस?

तर म्हणाला, "विनोद सांगताना सगळ्यात आधी मीच हसतो ना."

मैत्रेयी, सहा महिने आम्ही दोन मोठी माणसं दोन दारांनी पळत होतो. यावर मी हसलो, तो हसला, पायरीवरचे संभाजीराव हसले, आणि मग पाचहीजण एकदम उठून घरात शिरलो. बाथरूम एकच असल्यामुळे ज्येष्ठतेनुसार रांग लावली. काकूने उरलेल्या इरकलाच्या घड्या दाराशी आणून ठेवल्या आणि म्हणाली, संकोच करू नका, तोरणं आहेत.

पाच फॉर्म सोबत आहेत. प्रत्येकाने आपला भरला आहे. मी कोणाचाही पाहिला नाही.

श्रीपादकाका


गोपालपुरा बायपास
२९ जानेवारी २००७

ति. काका,

नागपूर झालं. पाटाचा किस्सा मी स्वतःच सांगितला, कारण दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा ते बरं. सभागृह हसलं. मग मी नवा प्रश्न आणि त्याची चौसष्ट उत्तरं पडद्यावर दाखवली, नावं न देता. कोणी देवळात जाणं सोडलंय, कोणी नातवाला कडेवर घेणं. एकाने लिहिलं होतं, 'प्रल्हाद'. त्याचा अर्थ मला कोणी विचारला नाही.

नंतर एक वयस्कर सर्जन आले. मला वाटलं, आता बोलणी खाणार. ते म्हणाले, "माझे पेशंटही फार ठीक आहेत. तो फॉर्म मला द्या."

आमेरच्या गाइडसाहेबांना मी पाट भेट दिला. ते त्यावर कुंडी ठेवतात.

व्यायाम करताय ना?

मैत्रेयी


शास्त्री नगर
१५ एप्रिल २००७

चि. डॉ. मैत्रेयी,

व्यायाम नियमित चालू आहे. सकाळी सात वाजता पाचहीजण आमच्या गच्चीवर खुर्च्यांवर बसतो, डोळे मिटतो, मी दहापर्यंत मोजतो. बाहेरून पाहणाऱ्याला आम्ही काहीही करत नाही असं दिसतं. माथुरसाहेब आठवडाभर त्यांच्या गच्चीवरून बघत होते. मग येऊन हात जोडून म्हणाले, "वाटवेजी, चेहरे पर बड़ी शांति है. कौन से गुरुजी हैं?" मी म्हटलं, गुरुजी नहीं, डॉक्टर साहिबा हैं. आता तेही बसतात. त्यांना काय आवळायचं ते माहीत नाही, पण फरक पडतोय म्हणतात.

फॉर्म जोडला आहे. घड्या चारवरून दोनवर आल्या. खोकताना होय, शिंकताना होय. यादीतून आमेरची बस आणि कचोरी खोडली आहे. दोन्ही प्रल्हादसकट, त्यामुळे तोही खोडला.

कागद अस्वच्छ आहे. तू घरी येऊन बघितलंस तरी चालेल.

श्रीपादकाका


शास्त्री नगर
१६ जानेवारी २००८

चि. डॉ. मैत्रेयी,

तू परवा नाटकाला पहिल्या रांगेत होतीस आणि नियमाप्रमाणे काही विचारलं नाहीस, म्हणून टपालाने कळवतो.

दुसऱ्या अंकात व्याह्याने हुंडा नको म्हणायचं असतं आणि सासऱ्याने गंभीर चेहऱ्याने 'मग काय हवं?' असं विचारायचं असतं. त्यावरचं उत्तर प्रल्हाद विसरला. त्याने तीन-चार सेकंद माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पाट." हे तुला आणि आम्हा पाचांनाच कळलं, बाकी सभागृह उगाच हसलं, पण मला आवरेना. तो आधी हसला, मग मी. सासरा म्हणून नव्हे, मी म्हणून. पांढरं धोतर, लाल गादीची खुर्ची, समोर दोनशे माणसं, आणि थोडं झालं. मला कळलं की झालं.

उठलो नाही. पुढचं वाक्य म्हटलं, टाळी घेतली, अंक पुरा केला. पडदा पडल्यावर प्रल्हादने त्याचा कोट माझ्या कमरेला बांधला. कोटाच्या खिशात त्याचीही घडी होती, पण तो म्हणाला की या वेळी गरज लागली नाही. मला थोडा मत्सर वाटला.

वार्षिक फॉर्म सोबत आहे. हसताना कपडे ओले होतात का? होय, एकदा, दुसऱ्या अंकात. पॅड? रोज एक घडी, इरकलाची, त्याला पॅडच समजावं.

पहिल्या प्रश्नाशी बराच वेळ पेन धरून बसलो. करत होतो आणि आता करत नाही, अशा गोष्टी. गेल्या वर्षीची यादी समोर ठेवली. बस, कचोरी, पांढरी पँट, गादीची खुर्ची, शिंक, नाटक, हसणे, प्रल्हाद. एकेक वाचत गेलो आणि काकूने एकेकीवर बोट ठेवलं. काही राहिलं आहे का, म्हणून तिनेही आठवून बघितलं.

मग लिहिलं, निरंक. खाली तिची सही घेतली आहे.

तुझा,
श्रीपादकाका